मूळफुटव्यांचा वंश : इंग्लिश एल्मची लागवड आणि तिचा नाश

१

कृषीच्या इतिहासात बियाण्याचा विचार पुष्कळ झाला आहे; फुटव्याचा मात्र फारसा झालेला नाही. कोणते धान्य कोणत्या देशातून कोठे गेले, यावर ग्रंथ लिहिले गेले. परंतु जी झाडे बी न पेरता मातृवृक्षाच्या मुळांवर उगवलेल्या अंकुरांपासून वाढविण्यात आली, त्यांच्या प्रसाराची नोंद सहसा कोणी ठेवली नाही. याचे कारण उघड आहे. फुटवा विकत घ्यावा लागत नाही, तो दूरच्या बाजारपेठेतून येत नाही, आणि त्याच्यावर जकातही बसत नाही. शेजारच्या बांधावरून तो मुळासकट काढावयाचा आणि आपल्या बांधावर लावावयाचा, एवढाच तो व्यवहार. अशा व्यवहाराला दप्तरात स्थान मिळत नाही. तथापि शतकानुशतके तो चालू राहिला म्हणजे त्याचा परिणाम एखाद्या राजाज्ञेपेक्षाही मोठा होऊ शकतो. इंग्लंडमधील एल्म वृक्षाची कथा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

एल्म हा वृक्ष महाराष्ट्रात आढळत नाही; परंतु त्याच कुलातील वावळ येथे परिचित आहे. वावळीची चपटी, गोल, कागदासारख्या पंखाची फळे उन्हाळ्यात वाऱ्यावर उडताना दिसतात. एल्मचे फळही त्याच घडणीचे असते. एल्मच्या अनेक जातींची वाढ अशा वाऱ्याने पसरणाऱ्या फळांपासून होते. परंतु ज्यास इंग्रज लोक ‘इंग्लिश एल्म’ म्हणतात, त्या झाडाला इंग्लंडच्या हवेत रुजण्याजोगे बी क्वचितच धरते. त्याचा सारा विस्तार मूळफुटव्यांवर झालेला आहे. जमिनीलगत दूरवर धावणाऱ्या मुळांवर जागोजागी अंकुर फुटतात आणि प्रत्येक अंकुर काही वर्षांत स्वतंत्र वृक्षासारखा दिसू लागतो. तो स्वतंत्र दिसतो, पण असतोच असे नाही. अनेकदा त्याचे मूळ मातृवृक्षाच्या मुळाशी जोडलेलेच राहते.

इंग्लंडचा दुसरा प्रसिद्ध वृक्ष म्हणजे ओक. ओक तोडला असता त्याच्या बुंध्यावर नवे धुमारे येतात, आणि या गुणाचा उपयोग तेथील वनपालांनी मध्ययुगापासून केला. परंतु नवीन ठिकाणी ओक उभा करावयाचा तर त्याचे फळ पेरावे लागते. म्हणून ओकच्या रानातील दोन झाडे एकमेकांची भावंडे असली तरी तीच ती नसतात. इंग्लिश एल्मची गोष्ट निराळी आहे. त्याच्या रांगेतील दहा झाडे म्हणजे पुष्कळदा एकाच झाडाची दहा शरीरे होत. अशा समूहास वनस्पतिशास्त्रात कृत्तक किंवा क्लोन म्हणतात. या एका भेदात पुढील इतिहासाचे बरेचसे रहस्य साठलेले आहे.

२

या वृक्षाविषयीचा सर्वात महत्त्वाचा प्राचीन पुरावा इंग्लंडमधील नसून रोमन आहे. कोलुमेल्ला हा लेखक स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील गादेस, म्हणजे हल्लीचे कादिझ, या नगरीत जन्मला. इसवी सनाच्या १ल्या शतकात त्याने लॅटिन भाषेत शेतीवर एक विस्तृत ग्रंथ लिहिला. त्या काळी इटलीत द्राक्षवेली जिवंत झाडांवर चढविण्याची पद्धत रूढ होती, आणि त्यासाठी एल्मला विशेष पसंती असे. वेलीला आधार मिळे, आणि झाडाचा पाला गुरांना वैरण म्हणून उपयोगी पडे. ग्रंथाच्या पाचव्या भागात या लागवडीचे विवेचन करताना कोलुमेल्ला एल्मचे दोन प्रकार सांगतो : एक इटलीचा देशी एल्म आणि दुसरा ‘अटिनिया’ एल्म.

अटिनिया एल्मला बीच येत नाही असे मत त्याच्यापूर्वी ट्रेमेल्लिअस स्क्रोफा या लेखकाने मांडले होते. कोलुमेल्ला ते खोडून काढतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे या झाडाला बी येते, परंतु फार थोडे येते, आणि तेही पहिल्या पालवीत लपून राहते. म्हणून लोकांना ते झाड वांझ वाटते. याचा व्यावहारिक निष्कर्ष तो असा नमूद करतो की, हा एल्म कोणी बियांपासून लावीत नाही, सर्व लोक फुटव्यांपासूनच लावतात.

याच प्रकरणातील आणखी एक सल्ला इतिहासकाराने लक्षात ठेवण्यासारखा आहे. अटिनिया एल्मचा पाला गुरांना अधिक आवडतो, आणि तो खाण्याची सवय लागली म्हणजे ती दुसऱ्या पाल्याला तोंड लावीत नाहीत. म्हणून शक्य असल्यास सगळे शेत अटिनिया एल्मनेच लावावे, असे कोलुमेल्ला सांगतो. ते साधत नसेल तर देशी व अटिनिया ही झाडे सारख्या संख्येने आळीपाळीने लावावीत, म्हणजे पाला मिसळून खाऊ घालता येईल. शेतकऱ्याच्या सोयीतून एकजिनसी लागवडीचा पुरस्कार कसा होतो, याचे हे जुने आणि स्पष्ट उदाहरण होय. कोलुमेल्लाच्या सल्ल्यात चूक काढण्यास जागा नाही. त्याच्या डोळ्यांपुढे गुरे आणि द्राक्षवेली होत्या. तेवढ्यापुरते ते बरोबरच होते.

अटिनिया एल्म आणि इंग्लिश एल्म यांचा संबंध काय, हा प्रश्न दीर्घकाळ तर्काचा विषय होता. इंग्लंडमधील एल्मच्या अभ्यासाला आर. एच. रिचेन्स यांनी १९५५पासून नवे वळण दिले. गावोगावच्या झाडांच्या पानांची मोजमापे घेऊन त्यांनी असे दाखविले की, एल्मचे प्रकार निसर्गाच्या सीमांपेक्षा मानवी वसाहतींच्या सीमांशी अधिक जुळतात. गावातील एल्म हा त्या गावाच्या इतिहासाचा एक दस्तऐवजच होय, ही दृष्टी १९८३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘एल्म’ या ग्रंथात पूर्णत्वास गेली. इंग्लिश एल्म हा स्पेनच्या बाजूने रोमनांच्याही आधी आणला गेला असावा, असा त्यांचा तर्क होता.

२००४मध्ये माद्रिद येथील लुइस गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात आनुवंशिक तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंग्लिश एल्म हे एकच कृत्तक असून कोलुमेल्लाने वर्णिलेला अटिनिया एल्म तो हाच, असे त्यांचे प्रतिपादन आहे. लॅटियममधून स्पेनमध्ये व तेथून ब्रिटनमध्ये द्राक्षवेलींच्या आधारासाठी रोमनांनी हे झाड नेले, असा प्रवास त्यांनी मांडला. या प्रतिपादनाची दोन अंगे वेगळी ठेवली पाहिजेत. इंग्लिश एल्म हे एक कृत्तक आहे, हे प्रयोगशाळेत सिद्ध करता येते. ते कोणी व कोणत्या हेतूने आणले, हे मात्र ग्रंथाधार आणि झाडांची आजची स्थिती यांवरून केलेले अनुमान आहे. अनुमान सबळ असले तरी त्याचा दर्जा प्रयोगसिद्ध गोष्टीचा मानता येत नाही.

३

ब्रिटनमध्ये द्राक्षांची शेती पुढे फारशी टिकली नाही. एल्म मात्र टिकला. त्याला दुसरी कामे मिळाली. एल्मचे लाकूड सहसा उभे फाटत नाही आणि सतत पाण्यात बुडालेले राहिले तर दीर्घकाळ टिकते. या गुणांमुळे गाडीच्या चाकाचे तुंबे, जहाजांचे तळ, पाण्याचे नळ आणि शवपेट्या यांसाठी ते वापरले जाई. लंडन शहराचे जुने पाण्याचे नळ एल्मची खोडे पोखरून केलेले होते.

१७व्या शतकात नौदलासाठी लाकडाची टंचाई जाणवू लागली, तेव्हा जॉन एव्हलिन यांनी १६६२मध्ये रॉयल सोसायटीपुढे वृक्षलागवडीवर निबंध वाचला. तो वाढवून १६६४मध्ये ‘सिल्वा’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात एल्मवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि बियांबरोबरच फुटव्यांपासून लागवड करण्याची रीतही सांगितली आहे. कोलुमेल्लापासून सोळा शतके लोटली होती. पण लागवडीची सोपी वाट तीच राहिली होती.

या वाटेचा सर्वात मोठा विस्तार जमिनींच्या कुंपणबंदीच्या काळात झाला. १८व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पार्लमेंटच्या कायद्यांनी गावोगावची खुली शेते आणि सामाईक कुरणे विभागून खाजगी मालकीची करण्यात आली. प्रत्येक नव्या मालकाला आपल्या हद्दीवर सजीव कुंपण उभे करावे लागले. त्या कुंपणांत मधूनमधून उंच वृक्ष हवे होते, आणि फुटव्यांनी आपोआप दाट होणारा एल्म या कामी सोयीचा ठरला. मध्य इंग्लंडमध्ये तो इतका बोकाळला की, ‘वॉरविकशरचे तण’ असे त्याला थट्टेने म्हणत. सामाईक जमिनीवरील हक्क गमावलेल्या गरिबांच्या दृष्टीने या एल्मच्या रांगा म्हणजे नव्या मालकीच्या खुणा होत्या. पुढील पिढ्यांना मात्र त्याच रांगा इंग्लंडचे सनातन निसर्गदृश्य वाटू लागल्या. जॉन कॉन्स्टेबल यांच्या चित्रांतील एल्म पाहताना हे विसरले जाते की, त्यांतील पुष्कळसे दृश्य माणसाने लावलेले आणि तुलनेने अलीकडचे होते.

अशा रीतीने लाखो लहान निर्णय मिळून एक विशाल वृक्षसमूह उभा राहिला. त्यातील प्रत्येक निर्णय शहाणपणाचा होता. फुटवा फुकट मिळे, मातृवृक्षाचे गुण त्यात हमखास उतरत, आणि कुंपणातील एखादे झाड मेले तरी शेजारच्या मुळावरून नवे येई. सगळ्या मुलखात एकच झाड पसरत चालले आहे, हे कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

४

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंड या देशांत एल्म अकस्मात वाळू लागले. युद्धातील विषारी वायूंमुळे झाडे मरत असावीत, अशीही शंका त्या वेळी घेतली गेली. या रोगाचे कारण शोधून काढण्याचे श्रेय हॉलंडमधील प्राध्यापिका योहान्ना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेतील स्त्री-संशोधकांकडे जाते. बेआ श्वार्झ यांनी १९२२मध्ये एक कवक हेच कारण असल्याचे दाखविले. हा निष्कर्ष लगेच सर्वमान्य झाला नाही; त्याला पुष्टी देण्याचे काम पुढे क्रिस्टिन बाउसमन यांनी केले. संशोधन हॉलंडमध्ये झाले म्हणून रोगालाच ‘डच एल्म रोग’ हे नाव पडले. रोग हॉलंडमध्ये उत्पन्न झाला असा त्याचा अर्थ नाही.

रोगाची रीत अशी आहे. एल्मच्या सालीखाली एक लहान भुंगेरा अंडी घालतो. मरणोन्मुख झाडांत वाढलेले नवे भुंगेरे बाहेर पडताना कवकाचे बीजाणू अंगावर घेऊन येतात, आणि निरोगी झाडाच्या कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यांत कुरतडू लागतात. तेथून कवक लाकडातील जलवाहिन्यांत शिरते. प्रतिकारार्थ झाड आपल्याच वाहिन्या बंद करीत जाते, आणि त्यामुळे शेंड्यापर्यंत पाणी पोचत नाही. ऐन उन्हाळ्यात पाने पिवळी पडून फांद्या वाळतात. हा झाला हवेतला मार्ग. दुसरा मार्ग भूमिगत आहे. शेजारच्या झाडांची मुळे परस्परांशी जोडलेली असतील तर रोगट झाडातील कवक मुळांतून थेट पुढच्या झाडात जाते. तेथे भुंगेऱ्याची गरज उरत नाही. मूळफुटव्यांनी वाढलेल्या कुंपणात हा मार्ग लागवडीबरोबरच तयार झालेला होता.

ब्रिटनमध्ये हा रोग १९२७मध्ये प्रथम नोंदला गेला. आरंभी मोठी घबराट झाली, परंतु १९४०नंतर साथ ओसरत गेली. वनविभागातील रोगतज्ज्ञ टॉम पीस यांनी १९६०मध्ये या साथीचा समग्र आढावा प्रसिद्ध केला. त्यांच्या अभ्यासाप्रमाणे देशातील १० ते २० टक्के एल्म मेले होते. पुष्कळ झाडे आजारी पडून सावरली होती. रोगाच्या वर्तनात मूलतः बदल झाला नाही, तर एकेकाळी भाकित केलेला सर्वनाश होणार नाही, असे त्यांचे मत पडले. हे मत पुढे चुकीचे ठरले असे म्हणण्याची पद्धत आहे. परंतु ते न्याय्य नाही. पीस यांनी आपल्या विधानाला जी अट घातली होती, तीच नेमकी पुढे मोडली.

५

१९६०नंतरच्या दशकाच्या अखेरीस दक्षिण इंग्लंडमध्ये एल्म पुन्हा मरू लागले, आणि या वेळी ते सावरले नाहीत. क्लाइव्ह ब्रेझियर आणि जॉन गिब्स यांनी १९७३मध्ये दाखविले की, हा रोग अधिक उग्र कवकामुळे होत असून ते कॅनडातून आयात झालेल्या रॉक एल्मच्या सालीसकट ओंडक्यांबरोबर आले होते. हे लाकूड होड्या बांधण्यासाठी आणले जाई. हे उग्र कवक जुन्याहून निराळी जातीच आहे असे ठरवून ब्रेझियर यांनी १९९१मध्ये तिला स्वतंत्र नाव दिले. ब्रिटनमधील सुमारे ३ कोटी एल्मपैकी २.५ कोटींहून अधिक एल्म या दुसऱ्या साथीत नष्ट झाले. दक्षिण आणि मध्य इंग्लंडची जी ओळख दोन शतकांत घडली होती, ती एका पिढीच्या डोळ्यांदेखत पुसली गेली.

आता मुख्य प्रश्न असा की, या नाशास मूळफुटव्यांची लागवड कितपत कारण झाली? एका कृत्तकाची लागवड केली म्हणून ते मेले, असे सरळ उत्तर मोहक आहे. परंतु पुरावा ते पूर्णपणे स्वीकारू देत नाही. अमेरिकन एल्म बियांपासून वाढतो आणि त्याच्यात आनुवंशिक वैविध्य आहे. तरीही १९३०मध्ये ओहायो राज्यात रोग दिसल्यापासून त्याचाही प्रचंड संहार झाला. ब्रिटनमधील विच एल्म बियांपासूनच वाढतो आणि मूळफुटवे देत नाही. तोही या कवकाला बळी पडतो. त्याची झाडे उत्तरेकडे अधिक टिकली, याचे एक कारण भुंगेऱ्यांना त्याची साल कमी रुचते हे आहे. ज्या रोगाशी वृक्षाची पूर्वी गाठच पडलेली नाही, त्याच्यापुढे केवळ वैविध्य पुरेसे ठरत नाही. रोग आला तो ओंडक्यांच्या व्यापारातून. फुटव्यांनी तो आणला नाही.

असे असले तरी फुटव्यांच्या लागवडीवर तीन गोष्टींची जबाबदारी येते. पहिली, रोगाला आणि भुंगेऱ्यांना सारखेच अनुकूल असलेले एकच झाड सलगपणे सर्वत्र पसरलेले होते. ईस्ट अँग्लियात एल्मचे अनेक भिन्न प्रकार नांदत होते. तेथे नाश सर्वत्र सारखा झाला नाही, ही गोष्ट या दृष्टीने सूचक आहे. दुसरी, मुळांचे जाळे हाच रोगाचा मार्ग झाला. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट अशी की, संकटानंतर सावरण्याचे साधन या झाडापाशी उरले नाही. बियांपासून वाढणाऱ्या वृक्षाची पुढची पिढी मागच्या पिढीहून थोडी वेगळी असते. हजार रोपांत एखादे प्रतिकारक्षम निघण्याचा संभव असतो. ज्या झाडाने दोन हजार वर्षे स्वतःचीच पुनरावृत्ती केली, त्याला हा संभव नाही. तात्पर्य, मूळफुटव्यांनी एल्मला मृत्यू दिला नाही. मृत्यूला उत्तर देण्याची शक्ती तेवढी काढून घेतली.

६

या कथेचा शेवट संपूर्ण नाशात होत नाही, हेही नमूद केले पाहिजे. इंग्लिश एल्मचे खोड मरते, पण मुळे बहुधा मरत नाहीत. त्यांच्यावर पुन्हा फुटवे येतात, आणि आजही इंग्लंडच्या कुंपणांत एल्मची दाट झुडुपे दिसतात. सतत छाटले जाणारे कुंपण सुरक्षित राहते, कारण भुंगेरे उंच झाडांकडे वळतात. फुटवा पंधरा-वीस वर्षे वाढून त्याची साल भुंगेऱ्याला घर करण्याइतकी जाड झाली, म्हणजे रोग पुन्हा येतो आणि खोड पुन्हा वाळते. ज्या गुणाने या वंशाला दुबळे केले, त्याच गुणाने त्याला जिवंतही ठेवले आहे. मात्र झुडूप म्हणून, वृक्ष म्हणून नव्हे.

मोठी झाडे जेथे उरली, तेथे ती माणसांच्या श्रमाने उरली. ब्रायटन शहराच्या एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस टेकड्या असल्यामुळे रोगाचा शिरकाव काहीसा अडला. परंतु रोगट झाड दिसताच तोडण्याची आणि त्याची मुळे शेजाऱ्यांपासून छेदून वेगळी करण्याची शिस्त तेथे पाळली गेली, म्हणून तेथील हजारो एल्म वाचले. स्पेनमध्ये १९८६पासून दुसरा प्रयत्न झाला. बियांनी वाढणाऱ्या देशी फील्ड एल्मची हजारो झाडे कवकाने मुद्दाम बाधित करून पाहण्यात आली. त्यांतून रोग सोसू शकणारी सात झाडे निवडून पुढे त्यांची अधिकृत नोंदणी करण्यात आली. इंग्लिश एल्म ज्या जातीचा, त्याच जातीत हे सामर्थ्य सापडावे, ही लक्षणीय गोष्ट होय. जातीपाशी ते होते. एका कृत्तकापाशी नव्हते. या सात झाडांचा प्रसारही शेवटी शाकीय अभिवृद्धीनेच करावा लागतो, कारण सापडलेला गुण जसाच्या तसा ठेवण्याची दुसरी हमखास रीत नाही. सुरक्षितता एवढीच की, एकाच्या जागी आता सात आहेत.

या प्रश्नाचे महत्त्व एल्मपुरते मर्यादित नाही. महाराष्ट्रात केळीची लागवड मुनव्यांपासून करण्याची जुनी पद्धत आहे, आणि मुनव्याबरोबर मातृवृक्षाचे गुण येतात तसा पर्णगुच्छासारखा रोगही येतो, हे बागायतदार जाणतात. एकाच वाणावर विसंबणाऱ्या प्रत्येक लागवडीपुढे एल्मच्या वेळचाच प्रश्न उभा राहतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रकरणातून मिळणारा बोध पद्धतीविषयी आहे. मोठ्या आपत्तीचे कारण मोठ्या निर्णयातच शोधण्याची सवय अभ्यासकाला असते. एल्मच्या बाबतीत असा निर्णय सापडत नाही. कोलुमेल्लाचा सल्ला, एव्हलिन यांची रीत आणि कुंपण घालणाऱ्या शेतकऱ्याची काटकसर या सर्व गोष्टी आपापल्या काळी योग्यच होत्या. त्यांची बेरीज धोकादायक होती. आणि ती बेरीज कोणत्याही एका दप्तरात लिहिलेली नव्हती. ती लिहिलेली होती झाडांच्या मुळांत, आणि वाचता आली तेव्हा बहुतेक झाडे उरली नव्हती.